हिवाळ्यात वेगळा पक्षी दिसला तर काय करायचं?

उजनी धरणाच्या फुगवट्यावर जानेवारीत सकाळी सात वाजता धुकं इतकं दाट असतं की होडीच्या दुसऱ्या टोकाला बसलेला माणूसही धूसर दिसतो. पक्षी दिसत नाहीत, नुसते ऐकू येतात. चक्रवाकांचा नाकातून काढल्यासारखा 'आंऽग आंऽग' आवाज येतो, मध्येच एखादी टिटवी ओरडते, कुठूनतरी पंखांची फडफड ऐकू येते. मग ऊन चढतं, धुकं पाण्यावरून उचललं जातं आणि समोर पट्टकादंब हंसांचा थवा उघडा पडतो. त्या शंभरेक ओळखीच्या पक्ष्यांत एखादा अनोळखी दिसला की छातीत धडधडायला लागतं.

दर हिवाळ्यात कुणीतरी नवीन मुलगा किंवा मुलगी मला फोनवर फोटो पाठवते आणि विचारते, "दादा, हा कोण? आपल्याकडे येत नाही ना हा?" बऱ्याचदा तो नेहमीचाच पक्षी निघतो. कधीकधी मात्र खरोखरच दुर्मीळ असतो, आणि तेव्हा हळहळ वाटते. कारण तारीख आठवत असते पण वेळ आठवत नाही, फोटो पाठीमागून काढलेला असतो, पाय कुठल्या रंगाचे होते ते पाहिलेलंच नसतं. दुर्मीळ पक्षी समोर येणं हा नशिबाचा भाग आहे. त्याची नोंद विश्वासाची होणं मात्र पूर्णपणे आपल्या हातात आहे. ते कसं करायचं, हे इथे पायरीपायरीने सांगतो.

दुर्मीळ म्हणजे नेमकं काय

कलहंस उत्तर भारतातल्या तलावांवर हिवाळ्यात मोठ्या संख्येने असतो, पण आपल्या धरणांवर क्वचितच उतरतो. म्हणजे तो ठिकाणामुळे दुर्मीळ झाला. चातक आपल्याकडे पावसाबरोबर येतो. तोच जानेवारीत दिसला तर हंगामामुळे ती नोंद महत्त्वाची ठरते. आणि काही पक्षी जगातच थोडे उरले आहेत. सोशिएबल लॅपविंग नावाची टिटवी कझाकस्तान आणि रशियाच्या गवताळ प्रदेशातून निघते, वायव्य भारतात हिवाळा काढते आणि क्वचित आपल्याकडे नांगरलेल्या रानात उतरते. ती अतिसंकटग्रस्त आहे. आपल्या नेहमीच्या टिटव्यांमध्ये ती शांतपणे चरत असते आणि शंभरातले नव्व्याण्णव लोक 'टिटव्या आहेत' म्हणून पुढे जातात.

म्हणूनच पहिली पायरी दुर्मीळ पक्ष्याची नाही.

पायरी पहिली: नेहमीचे पाहुणे पाठ करा

एक संपूर्ण हिवाळा यात गेला तरी चालेल. सुरुवात धोबी पक्ष्यांपासून करा, कारण ते घराजवळच्या ओढ्यावरही भेटतात. नवख्याची सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. काळं डोकं आणि त्यावर ठसठशीत पांढरी भुवई असलेला, अंगाने जरा मोठा धोबी आपला बारमाही रहिवासी आहे, तो कुठूनही आलेला नाही. हिवाळ्यात येणारा पांढरा धोबी त्याच्यापेक्षा लहान असतो आणि त्याचा चेहरा पांढरा असतो. करड्या धोब्याचं पोट पिवळं आणि शेपूट खूपच लांब असते. तो ऑगस्टच्या अखेरीसच येऊन पोहोचतो आणि वाहत्या पाण्याच्या दगडांवर शेपूट हलवत बसतो. 'पोट पिवळं' एवढ्यावरून त्याला पिवळा धोबी म्हणणारे पुष्कळ आहेत. पाठ बघा. करड्याची पाठ राखाडी असते, पिवळ्या धोब्याची हिरवट.

मग तुतारी, पाणथळीतला छोटा पक्षी. हिरवी तुतारी आणि ठिपकेवाली तुतारी एकाच डबक्यावर शेजारी शेजारी चरतात. हिरवी उडाली की पंखांची खालची बाजू काळपट दिसते आणि कंबर पांढरीशुभ्र चमकते. ठिपकेवालीच्या पंखांची खालची बाजू फिकट, डोळ्यावरून मागे लांबपर्यंत गेलेली भुवई आणि पाय पिवळसर. हा फरक ज्याला उडत्या पक्ष्यात कळायला लागला, त्याची नजर तयार झाली असं मी समजतो.

बदकांबाबत एक गोष्ट ऑक्टोबर महिन्यासाठी खास लक्षात ठेवा. विणीनंतर नर बदकं आपली रंगीत पिसं टाकतात आणि काही काळ मादीसारखी तपकिरी दिसतात. आपल्याकडे येताना पुष्कळ नर अजून त्याच वेशात असतात. थापट्या, तलवार बदक, चक्रांग, भुवई बदक यांचे नर तेव्हा पुस्तकातल्या चित्राशी मुळीच जुळत नाहीत आणि 'हे काहीतरी वेगळंच आहे' असं वाटून बसतं. अशा वेळी रंग सोडा आणि आकार धरा. थापट्याची फावड्यासारखी चोच कुठल्याही पिसाऱ्यात लपत नाही. तलवार बदकाची लांब बारीक मान आणि टोकदार शेपूटही नाही.

कोण कधी येतं याचा अंदाजही डोक्यात हवा. धोबी, तुतारी, भोरड्या सप्टेंबरपर्यंत आलेल्या असतात. भोरड्या ज्वारीच्या पट्ट्यातल्या माणसाला सांगायला नकोत, संध्याकाळी त्यांचे थवे धुरासारखे आकाशात वळताना सगळ्यांनीच पाहिलेत. बदकांची मुख्य गर्दी नोव्हेंबरात होते. पट्टकादंब थंडी चांगली पडल्यावर, डिसेंबरच्या आसपास दिसू लागतात. मार्च-एप्रिलमध्ये परतीचा प्रवास सुरू होतो. अमूर ससाण्यांचा मुक्काम तर फक्त काही दिवसांचा. ईशान्य भारतात उपग्रह-टॅग लावलेल्या अमूर ससाण्यांचे मार्ग पाहिले तर ते नोव्हेंबरात महाराष्ट्रावरून जातात आणि पुढे न थांबता अरबी समुद्र ओलांडून आफ्रिका गाठतात. त्या आठवड्यात सह्याद्रीच्या कड्यांवर नजर वर ठेवणाऱ्यालाच ते सापडतात.

पायरी दुसरी: एक पाणवठा धरून ठेवा

नवीन माणूस दर रविवारी नवीन जागी जातो. मला ते पटत नाही. एकाच जागी दर आठवड्याला गेलात तर तिथलं नेहमीचं चित्र तुमच्या डोळ्यांत बसतं आणि त्यात काही बदललं की ते आपोआप खटकतं.

माझी जागा कवडीपाट. पुण्याहून सोलापूर रस्त्याने हडपसर ओलांडलं की मुळा-मुठा नदीवर एक जुना बंधारा लागतो. पाणी घाण आहे, फेसाळतं, थंडीत वासही येतो. पहिल्यांदा आलेला माणूस नाकाला रुमाल लावून विचारतो की पक्षी इथे का येतात. ते गाळातल्या किड्यांसाठी येतात. बंधाऱ्याच्या खालच्या उथळ पाण्यात खडकाखडकावर धोबी, तुतारी, शराटी, शेकाटे आणि चक्रवाकांच्या जोड्या असतात. मी तिथे इतक्या वेळा उभा राहिलो आहे की कुठल्या खडकावर रोज कोण असतं हे मला माहीत आहे. त्यामुळे त्या खडकावर दुसराच कुणी बसला की दुर्बीण आपसूक तिकडे वळते.

तुमची जागा गावतळं असेल, पाझर तलाव असेल, ओढ्याची वळणं असतील. कापणी झालेलं रान आणि माळ तर फारच दुर्लक्षित राहतात. मोठ्या जागांना वर्षातून दोन-तीनदा जरूर जा. भिगवणजवळ कुंभारगाव आणि दिकसळ. निफाड तालुक्यात नांदूर मधमेश्वर, जिथे गोदावरी आणि कादवा भेटतात. तिथे चापडगावच्या बाजूला निरीक्षण मनोरे आहेत, आणि २०२० मध्ये ते महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, ठरलं. त्याच वर्षी लोणारलाही तो दर्जा मिळाला, २०२२ मध्ये ठाणे खाडीला. मराठवाड्यात जायकवाडी आहे, खानदेशात हतनूर. माळरानासाठी बारामती तालुक्यातलं सुप्याजवळचं मयूरेश्वर अभयारण्य चांगलं.

पायरी तिसरी: सामान

८ बाय ४२ ची दुर्बीण घ्या. पहिला आकडा किती पट मोठं दिसतं तो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. भिंग मोठं म्हणजे पहाटेच्या अंधुक उजेडातही चित्र उजळ. १० पटीची दुर्बीण हातात जास्त थरथरते, होडीत तर फारच. नवीन दुर्बीण आणल्यावर उजव्या डोळ्याच्या नळीवरचं छोटं चक्र एकदा आपल्या डोळ्याप्रमाणे लावून घ्या. ते न लावता वर्षभर डोकेदुखी सहन करणारे लोक मी पाहिले आहेत. खिशात मावेल अशी वही आणि पेन्सिल ठेवा, थंडीत दवाने पेनाची शाई फुटते. कॅमेरा असेल तर उत्तम, नसेल तर अडत नाही.

पायरी चौथी: पक्षी दिसला, पहिली पाच मिनिटं

ही पायरी नीट वाचा, सगळं इथेच ठरतं.

जागचे हलू नका. जवळ जायचा मोह होतो आणि त्यातच पक्षी उडतो. कॅमेरा हातात असेल तर पहिले दोन-तीन फोटो पटकन घ्या, कसेही आले तरी चालतील. त्यानंतर कॅमेरा खाली ठेवा. खरं सांगतो, सगळ्यात जास्त नोंदी कॅमेऱ्यापायी वाया जातात. माणूस पक्ष्याकडे न बघता स्क्रीनकडे बघत राहतो. दुर्बीण डोळ्याला लावा, फोनवर आवाज मुद्रित करायचं बटण दाबा आणि जे दिसतंय ते हळू आवाजात बोलत राहा. नाव उच्चारू नका. नाव एकदा मनात बसलं की डोळ्यांना त्या नावाचीच लक्षणं दिसायला लागतात.

चोचीपासून सुरू करा आणि शेपटीपर्यंत जा. शेजारच्या ओळखीच्या पक्ष्यापेक्षा मोठा की लहान? चोच सरळ, वाकडी, जाड, रंग काय? डोळ्यावर भुवई आहे का, डोळ्याभोवती कडं आहे का? छातीवर रेघा आहेत की ठिपके? पाय! पायांचा रंग नव्वद टक्के लोक विसरतात. उडाला तर कंबर, पंखांवरची पट्टी, शेपटीचं टोक बघा. काय करत होता, एकटा की थव्यात, आवाज केला का. आणि शेवटी ऊन कुठल्या बाजूला होतं ते, कारण समोरच्या उन्हात करडा पक्षीही काळा दिसतो.

घरी गेल्यावर किंवा तिथेच दगडावर बसून हे सगळं वहीत उतरवा. नोंद साधारण अशी दिसावी:

"१२ जानेवारी, सकाळी ८.१०. कुंभारगाव, होडीतून. ऊन पाठीमागे. अंतर अंदाजे ६० मीटर. पट्टकादंबांच्या थव्यात एकच. त्यांच्यापेक्षा किंचित मोठा, मान जाड. डोक्यावर काळे पट्टे नाहीत. चोच जाड, गुलाबी. पाय गुलाबी. अंग राखट-तपकिरी. उडाला तेव्हा पंखांचा पुढचा भाग फिकट राखाडी. आवाज ऐकला नाही. सहा मिनिटं पाहिला. दोन फोटो, दोन्ही अस्पष्ट."

यात कुठेही 'कलहंस' लिहिलेलं नाही, तरी जाणकार माणूस ही नोंद वाचून कलहंसच म्हणेल. पट्टकादंबाची चोच आणि पाय पिवळसर-नारिंगी असतात, डोक्यावर दोन काळे पट्टे असतात. 'आवाज ऐकला नाही' आणि 'फोटो अस्पष्ट' हे प्रामाणिकपणे लिहिल्यामुळेच बाकीच्या ओळींवर विश्वास बसतो.

पायरी पाचवी: स्वतःचीच उलटतपासणी घ्या

आता नाव शोधायला बसा. पण शोधताना 'हा दुर्मीळ पक्षी आहे का' असं विचारू नका. 'हा नेहमीचा पक्षी नाही हे मी कशावरून म्हणतो' असं विचारा.

आधी साध्या शक्यता बाजूला करा. गावतळ्यावरचा हंस कुणाचातरी पाळीव असू शकतो. पाळीव हंस बहुधा पांढरे किंवा चट्ट्यापट्ट्यांचे, पोट लोंबणारे असतात आणि काहींच्या चोचीच्या मुळाशी गाठ असते. पिंजऱ्यातून सुटलेले परदेशी पोपट आणि मुनिया शहरात वारंवार दिसतात. शिवाय कुठल्याही पक्ष्यात एखाद्याची पिसं रंगद्रव्य कमी पडल्यामुळे पांढरी किंवा फिकट येतात. पांढरा कावळा, अर्धं अंग पांढरं झालेली मैना या वेगळ्या जाती नव्हेत.

यानंतर जुळ्या जातींची पाळी. माझ्या मते या सगळ्यांत अवघड भोवत्ये आहेत. माळावर संध्याकाळी जमिनीला लागून, पंखांचा उथळ 'व्ही' करून तरंगणारे हे शिकारी पक्षी हिवाळ्यात आपल्या गवताळ रानांत रात्रीच्या मुक्कामाला जमतात. नर ओळखायला सोपे. माँटेग्यूच्या भोवत्याच्या पंखावर वरून एक काळी आडवी पट्टी दिसते आणि पोटाकडे तांबूस रेघा असतात. पांढुरक्या भोवत्याचा नर फारच फिकट असतो आणि पंखांच्या टोकाला काळं पाचर मारल्यासारखं दिसतं. खरी कसोटी माद्या आणि पिल्लं ओळखताना लागते, दोन्हींची तपकिरी आणि कमरेवर पांढरा डाग असलेली. तिथे चेहरा बघावा लागतो. पांढुरक्या भोवत्याच्या गालावरच्या गडद चट्ट्यामागे मानेवर एक फिकट कॉलर असते, आणि पिल्लांत ती चांगली उठून दिसते. माँटेग्यूमध्ये ती तशी नसते, उलट डोळ्याभोवतीचा पांढरा भाग जास्त मोठा असतो. हे पाहायला पक्षी जवळून, ऊन पाठीशी घेऊन गेला पाहिजे. तो तसा गेला नाही तर 'दोन्हींपैकी एक' एवढंच लिहा. मी स्वतः आजही दर हिवाळ्यात कितीतरी भोवत्ये असेच अर्धवट नावाने नोंदवतो, आणि ती नोंद पूर्ण नावाच्या चुकीच्या नोंदीपेक्षा कितीतरी कामाची असते.

फोन ॲप फोटोवरून किंवा आवाजावरून नाव सुचवतं. मर्लिन मीही वापरतो. ते सुचवेल ते नाव घेऊन पुस्तक उघडायचं आणि लक्षणं आपण पडताळायची.

पायरी सहावी: पट्टा किंवा कडी दिसली तर

माझ्या सुरुवातीच्या दिवसांतली एक गोष्ट मला आजही टोचते. जानेवारीची सकाळ होती, होडीवाले दादा म्हणाले, "त्याच्या गळ्यात काय आहे बघा." थव्याच्या कडेला एका पट्टकादंबाच्या मानेत रंगीत पट्टा होता आणि त्यावर अक्षरं होती. मी आनंदाने फोटो काढत सुटलो. सगळ्या फोटोंत पक्षी होता, पट्टा होता, पण अक्षरं एकाही फोटोत वाचता येत नव्हती. दुर्बिणीतून ती मला स्पष्ट दिसत होती, फक्त मी लिहून घेतली नाहीत. संध्याकाळी आठवायला बसलो तर पट्टा हिरवा होता की निळा यावरच माझं आणि माझ्या मित्राचं एकमत होईना.

मंगोलियात पट्टकादंबांना असे पट्टे घालतात आणि असे पट्टे घातलेले पक्षी महाराष्ट्र-कर्नाटकातल्या तलावांवर आढळल्याच्या नोंदी आहेत. ती चार अक्षरं लिहिली असती तर तो पक्षी कुठून निघाला, कधी पकडला होता, हे सगळं कळलं असतं. हिमालय ओलांडून आलेल्या त्या पक्ष्याची ओळखच माझ्या हातून निसटली.

म्हणून पट्टा किंवा पायातली कडी दिसली की आधी वही काढा. पट्ट्याचा रंग, अक्षरांचा रंग, अक्षरं आणि आकडे, ते वरून खाली वाचायचे की खालून वर. पायात कडी असेल तर डावा पाय की उजवा, गुडघ्याच्या वर की खाली, धातूची की प्लॅस्टिकची. एक अक्षर वाचता आलं नाही तर त्या जागी प्रश्नचिन्ह टाका, अंदाज नको. मग ही माहिती मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवा. भारतात पक्ष्यांना कड्या घालण्याचं काम ही संस्था पक्षीशास्त्रज्ञ सालिम अलींच्या काळापासून करते आहे.

पायरी सातवी: नोंद पाठवा

वहीतली नोंद वहीतच राहिली तर तिचा उपयोग फक्त तुम्हाला. आज पक्षीनिरीक्षक त्यासाठी ई-बर्ड हे ॲप वापरतात. कॉर्नेल विद्यापीठाची पक्षी प्रयोगशाळा ते चालवते आणि ते मोफत आहे. ठिकाणी पोहोचल्यावर त्यात चेकलिस्ट, म्हणजे पक्ष्यांची यादी, सुरू करा, निघताना बंद करा. किती वेळ थांबलात आणि किती चाललात हे ॲप मोजतं. त्या वेळात दिसलेले आणि ओळखता आलेले सगळे पक्षी, संख्येसकट लिहा. साळुंख्या, बगळे, कावळेही. शेवटी ॲप विचारतं की ओळखलेले सगळे पक्षी नोंदवले का. तिथे खरं उत्तर द्या.

फक्त दुर्मीळ पक्ष्याची एकट्याची नोंद टाकण्याची सवय लावून घेऊ नका. २०२३ चा 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' अहवाल ३० हजारांहून जास्त पक्षीनिरीक्षकांच्या ३ कोटी नोंदींवर उभा आहे आणि त्यात ९४२ जातींचा आढावा आहे. कोणते पक्षी घटताहेत हे त्यातून कळलं ते अशा रोजच्या, संपूर्ण याद्यांमुळे. हिवाळी पाहुण्यांसाठी ही गोष्ट फार महत्त्वाची आहे, कारण दूरवरून येणाऱ्या स्थलांतरितांची घट त्या अहवालात ठळक दिसते. आज शेकड्याने दिसणारं बदक उद्या दुर्मीळ झालं तर ते आपल्याला या याद्याच सांगतील.

तुमचा पक्षी त्या भागात त्या महिन्यात अपेक्षित नसेल तर ॲप त्यावर खूण करतं आणि तपशील मागतं. तिथे 'स्पष्ट दिसला', 'सोबत तज्ज्ञ होते', 'मर्लिनने सांगितलं' असं लिहिण्यात अर्थ नाही. वहीतली ती नोंद तशीच्या तशी उतरवा, फोटो जोडा, अस्पष्ट असला तरी जोडा. नेहमीच्या जातीपेक्षा तो कसा वेगळा होता हे एका ओळीत लिहा. त्या भागाचे पुनरावलोकक ती नोंद बघतात. ही माणसं स्वयंसेवक आहेत, आपली नोकरी-धंदा सांभाळून हे काम करतात. त्यांचा प्रश्न आला की नवखा माणूस दुखावतो, आपल्यावर संशय घेतला असं त्याला वाटतं. तसं नसतं. त्यांनी विचारलेल्या प्रश्नाला जेवढं आठवतं तेवढं उत्तर द्या, आणि ओळख चुकली असेल तर स्वतःच बदला. माझ्या कितीतरी नोंदी मी अशा बदलल्या आहेत, काही तर चार-पाच वर्षांनी, नजर तयार झाल्यावर.

पायरी आठवी: कुणाला सांगायचं, आणि केव्हा

जवळच्या एक-दोन अनुभवी माणसांना लगेच कळवा. कुणीतरी दुसऱ्याने येऊन पक्षी पाहिला तर नोंद पक्की होते. पण दोनशे जणांच्या ग्रुपवर नकाशातलं ठिकाण टाकण्याआधी थांबा.

हिवाळ्यात आपल्या माळांवर जमिनीवर बसणारं एक घुबड येतं, शॉर्ट-इअर्ड आऊल. दिवसा गवताच्या बुंध्याशी ते असं मुरून बसतं की पाय पडेपर्यंत कळत नाही. एका शनिवारी मला ते दिसलं आणि मी उत्साहाने ठिकाण ग्रुपवर टाकलं. रविवारी सकाळी माळावर आठ गाड्या उभ्या होत्या. घुबड बसलं की कुणीतरी दहा पावलं पुढे जाई, ते उडे, कावळे मागे लागत, दुसरीकडे बसे, आणि गाड्या पुन्हा तिकडे वळत. गाड्यांच्या चाकांखाली माळटिटव्यांची आणि चंडोलांची जागा तुडवली जात होती. सोमवारी ते घुबड तिथे नव्हतं. तेव्हापासून घुबडं, भोवत्यांच्या रात्रीच्या मुक्कामाच्या जागा आणि संकटग्रस्त पक्षी यांचं नेमकं ठिकाण मी ग्रुपवर टाकत नाही. ई-बर्डही काही संवेदनशील जातींची ठिकाणं लोकांपासून आपणहून लपवून ठेवतं.

उघड्या तलावावरच्या बदकाची गोष्ट निराळी, ते दुरून पाहता येतं, त्याची बातमी खुशाल द्या. होडीत असाल तर होडीवाले दादांना आधीच सांगून ठेवा की थव्यात होडी घालायची नाही. रोहित पक्ष्यांचे फोटो उडताना छान येतात म्हणून त्यांना मुद्दाम उडवायला सांगणारे पर्यटक असतात. हे पक्षी दूरचा प्रवास करून थकून, पोट भरायला आलेले असतात. आवाज वाजवून पक्षी बोलावणं, रात्री घुबडावर फ्लॅश मारणं, ड्रोन उडवणं, हे अजिबात नको.

पाण्याकाठी मेलेले किंवा आजारी पक्षी एकाहून जास्त दिसले तर हात लावू नका. २०२१ च्या जानेवारीत बर्ड फ्लूची साथ महाराष्ट्रात आली तेव्हापासून ही खबरदारी सगळेच घेतात. वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा, ठिकाण आणि संख्या सांगा. जखमी पक्षी एकटा असेल तरीही हाच क्रमांक.

पायरी नववी: परत जा

सगळ्यात जास्त राहून जाणारी पायरी हीच. पक्षी दिसला, फोटो झाला, नोंद गेली आणि माणूस दुसऱ्या पक्ष्याच्या शोधात निघाला. पण तो पक्षी एक दिवस थांबला की दोन महिने राहिला, हे त्याच्या एकट्या फोटोपेक्षा कितीतरी जास्त सांगतं. वाट चुकून उतरलेला, वादळाने ढकललेला पाहुणा आणि दरवर्षी गुपचूप येऊन हिवाळा काढणारा पाहुणा यातला फरक फक्त पुन्हा पुन्हा गेल्यानेच कळतो. तेव्हा पुढच्या रविवारी त्याच वेळी, त्याच जागी जा. नसला तरी संपूर्ण यादी करा. त्याचं नाव त्या यादीत नसणं हीसुद्धा माहिती आहे. पुढच्या वर्षी त्याच आठवड्यात पुन्हा जा.

सोबत हवी असेल तर मुहूर्त बरेच आहेत. मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर आणि सालिम अलींचा १२ नोव्हेंबर, या दोन तारखांमध्ये महाराष्ट्रात पक्षी सप्ताह साजरा होतो आणि ठिकठिकाणी निरीक्षणाच्या फेऱ्या निघतात. जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते. आपल्या उपखंडात ती १९८७ पासून चालू आहे आणि तिला मोजायला माणसं नेहमीच कमी पडतात. फेब्रुवारीत चार दिवसांची ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट असते, तिच्यात घराच्या गच्चीवरून पंधरा मिनिटं मोजलं तरी चालतं. पाणपक्षी गणनेला मात्र आधी नाव द्यावं लागतं, म्हणून डिसेंबरातच तुमच्या जिल्ह्यातल्या पक्षीमित्र मंडळाकडे किंवा वन विभागाच्या कार्यालयात चौकशी करून ठेवा, आणि मोजायला तुमचाच पाणवठा मागून घ्या.